तबक हातात असताना

"बाही वर करा," मी म्हटलं, आणि त्या माणसाने निमूटपणे बाही वर केली. कॉलऱ्याची लस टोचणं चालू होतं. दवाखान्याच्या पायऱ्यांवरून रांग खाली उतरून पार वडापर्यंत गेली होती, स्टोव्हवर सिरिंजा उकळत होत्या, आणि मला समोरच्याचं तोंड बघायची गरज नव्हती, दंड दिसला की पुरे. मी स्पिरिटचा बोळा फिरवला, सुई उचलली, तेव्हा तो म्हणाला, "बाई, मी टोचून घ्यायला नाही आलो. कोर्टाचा बेलीफ आहे. सुलोचना शिगवण तुम्हीच ना?" "मग बाही कशाला वर केलीत?" "तुम्ही म्हणालात म्हणून." असला हा माणूस, आणि त्याच्या दुसऱ्या हातात माझ्या नावाचं समन्स. त्याच्या मागे नवघरची, आमच्याच चाळीतली कृष्णाबाई उभी होती. ती पुढे वाकून म्हणाली, "काय व नर्सबाय, कसला कागद हाय? बदली झाली काय तुमची?" तिच्या आवाजात काळजी होती की आशा, ते मला अजून सांगता येणार नाही. सगळी रांग माना उंच करून बघायला लागली. मी सही केली, कागद ॲप्रनच्या खिशात कोंबला आणि म्हटलं, पुढे या. त्या दिवशी नर्सबाईंचा हात फार जड होता, असं मागाहून गावात बोललं गेलं. असेल. ज्यांचे दंड सुजले त्यांनी माझ्या भावाला शिव्या द्याव्यात.

कागद मी वाचला तो दुपारी, दवाखाना रिकामा झाल्यावर. खिशातल्या स्पिरिटच्या बोळ्याने त्याचा एक कोपरा ओला झाला होता. वादी म्हणून महिपतशेठचं नाव. काशीमीऱ्याच्या नाक्यावर गॅरेजांच्या ओळीत त्याची खोली आहे, टेम्पो आणि ट्रकवाल्यांना तो कर्ज देतो. प्रतिवादी नंबर एक लवू धाकू मांडवकर, म्हणजे माझा धाकटा भाऊ. प्रतिवादी नंबर दोन मी, जामीनदार. लवूने टेम्पो घ्यायला कर्ज काढलं, ते थकवलं, तरी सगळी रक्कम व्याजासकट दोघांकडून किंवा दोघांतल्या कुणाही एकाकडून वसूल करून मिळावी, असं मागणं. कुणाही एकाकडून. हे शब्द मी परत परत वाचले. तो एक कोण, हे कळायला वकील लागत नव्हता. एकाकडे जागोजाग तेल गाळणारा सेकंडहँड टेम्पो, दुसरीकडे जिल्हा परिषदेचा पगार. आमच्या चाळीच्या पलीकडे शेतं बुजवून इमारत उठत होती, तिच्यात आम्ही दोन खोल्यांची जागा नोंदवली होती. आत नळ, आत संडास. उरलेले हप्ते माझ्या पगारातून जायचे. पगारावर जप्ती आली की हप्ते थांबणार, हप्ते थांबले की बिल्डर ती जागा दुसऱ्या कुणाला तरी देणार, आणि मी जन्मभर पहाटे उठून हंडा घेऊन नळाच्या रांगेत कृष्णाबाईच्या सुनेशी भांडत राहणार. एवढं सगळं त्या ओल्या कागदात मला स्वच्छ दिसलं.

घरी ह्यांना सांगितलं. हे भांड्यांच्या कारखान्यात बफिंगला होते, चाकावर भांडी घासून चकचकीत करायला. संध्याकाळी घरी यायचे ते तोंड, मान, नखं काळी करून. साबणाने घासूनही डोळ्यांच्या कडांना काजळासारखी रेघ राहायची, आणि त्या रेघेमुळे ह्यांच्याकडे बघितलं की कायम बिचारे वाटायचे. कागद त्यांनी हातही न लावता ऐकून घेतला. म्हणाले, "लवू मनाने वाईट नाही गं. त्याचा जम बसत नाही, एवढंच." मी भाताचं पातेलं खाली आपटलं. ज्याचा जम बसत नाही त्याने दुसऱ्याचा बसलेला जम का मोडावा? आमच्या घरात लवूबद्दल कुणी कधी वाईट बोललंच नाही. गावी रत्नागिरीकडे बाबा त्याला डोक्यावर घेऊन नाचायचे, आई त्याच्यासाठी सायीचं वाडगं झाकून ठेवायची, आणि आता माझा नवरा, ज्याला त्याने कधी चहाही पाजला नसेल, तोही त्याचीच बाजू घेत होता. त्याचा आवाज गोड आहे. त्याला राग येत नाही. राग न येणाऱ्या माणसांचा मला फार राग येतो, कारण त्यांच्या वाटणीचा रागही आपल्यालाच करावा लागतो.

सही मी केली होती, ते मी नाकारत नाही. गणपती होऊन गेले होते. लवू मला दवाखान्यातून उचलून, दुसऱ्याच्या टेम्पोत बसवून काशीमीऱ्याला घेऊन गेला. शेठच्या खोलीत एकच खुर्ची, तिच्यावर शेठ. मला लवूने दारातल्या टायरवर बसवलं, वर आपला रुमाल अंथरला. बाहेर हायवेवरून ट्रक जायचे आणि टायर माझ्याखाली थरथरायचा. शेठ म्हणाला, "बहनजी, हे तर नुसतं नावापुरतं हाय. तुम्ही सरकारी मानूस, तुमचं नाव लागलं की आपल्याला पन बरं, लवूभाईला पन बरं." लवू हसत होता. बाहेर तो टेम्पो उभा होता, तीन चाकांचा, हिरव्या रंगाचा, आणि लवूने त्याच्या काचेला आधीच झेंडूची माळ घातली होती. म्हणजे मी सही करणार हे त्याने धरूनच चाललं होतं. त्या माळेकडे बघून मी उठून जायला हवं होतं. पण खाली रुमाल होता त्याचा, आणि रुमाल अंथरणाऱ्याच्या तोंडावर उठून जाणं मला जमलं नाही. मला न जमणाऱ्या गोष्टी लवूला लहानपणापासून पाठ आहेत.

वकील आम्हाला ठाण्यात मिळाले, एका जिन्याखाली टेबल मांडून बसणारे, म्हातारे, नाकात तपकीर. मी घोडबंदरच्या रस्त्याने एसटीने गेले होते. "सही तुमचीच?" त्यांनी विचारलं. "हो. पण टायरवर बसून केली." "टायरवर बसून केली तरी सहीच. वाचलीत?" "नाही." "नाही वाचली तरी सहीच." मी म्हटलं, "मला त्यातली एक दमडी मिळाली नाही." ते म्हणाले, "मिळावी लागत नाही. तुमच्या शब्दावर भावाला मिळाले, एवढं कायद्याला पुरतं." "पण आधी त्याच्याकडे मागायला हवं ना? तो नाहीच म्हणाला तर माझ्याकडे यायचं." "असं सगळ्यांना वाटतं," ते म्हणाले. "कर्जदार जेवढा बांधलेला, तेवढाच जामीनदार. शेठला वाटलं तर तो पहिल्यांदा तुमच्याच दारात येईल." मला आता हट्टच चढला. मी विचारलं, सहीच केली नसती तर? त्यांनी तपकिरीची चिमूट नाकाला लावली. "नुसतं तोंडाने म्हणाला असतात, दे त्याला, मी आहे, तरी जामीन झाला असता. तो सिद्ध करणं अवघड, पण चालतो. आपल्याकडे तोंडचा शब्दही बांधतो." मला त्या कायद्याचीच चीड आली. आयुष्यभर बायका काय काय तोंडाने म्हणतात, मी आहे, मी बघते, होईल सगळं नीट. त्या सगळ्यांना धरून कोर्टात न्यायचं म्हटलं तर ठाण्याची तलावपाळी भरून जाईल.

मग त्यांनी दाव्याच्या कागदांतून दुसरा एक कागद बाहेर काढला आणि खिडकीकडे धरला. दिवाळीच्या तोंडावर शेठने आणि लवूने नवा करार केला होता. लवूचे हप्ते थकले होते, म्हणून शेठने व्याज वाढवून मुदत पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत बांधून दिली होती. खाली लवूची सही, शेठची सही. माझी नव्हती. वकिलांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा जिवंत झाला. म्हणाले, "आता मी विचारतो त्याचं उत्तर द्यायची घाई करू नका, आधी ऐका. शेठ नुसता थांबून राहिला असता, तर तुम्ही सुटला नसता. पण त्याने करार करून मुदत वाढवून दिली. जामीनदाराला न विचारता अशी मुदत दिली की जामीनदार मोकळा. विचारलं असेल आणि तो हो म्हणाला असेल, तर मात्र बांधलेला. ते हो तोंडी असलं तरी. आता सांगा, ह्या मुदतीबद्दल तुम्हाला कुणी विचारलं होतं?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी मान वर न करता ते लिहून घेतलं. फार जुने वकील होते. मान वर करायची नाही हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नसणार.

विचारलं होतं. त्या दिवाळीत, भाऊबीजेला. लवू सकाळीच आला, ह्यांच्याशी गप्पा मारल्या, हे श्रीखंड आणायला बाहेर पडले. मी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, त्याने डोक्यावर रुमाल टाकला. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली, आणि निरांजनाचं तबक हातात घेतलं. आमच्या घरात एक रीत आहे, दुसऱ्या घरांत असते की नाही ठाऊक नाही. ओवाळणारीच्या हातात तबक आहे तोवर तिने भावाला नाही म्हणायचं नाही. तो काही बोलला तर बरं म्हणायचं. दिव्यासमोर नकार नको, एवढंच आई सांगायची, का ते तिलाही माहीत नसावं. लवूला ही रीत कळली तेव्हा तो जेमतेम शाळेत जायला लागला होता. बाबांनी मुंबईहून मला पेन्सिलींची पेटी आणली होती, झाकणाच्या आत छोटा आरसा असलेली. मी ती शाळेतही नेत नव्हते, घरीच उघडून आपला एक डोळा बघत बसायचे. भाऊबीजेला तो पाटावर बसला, दिवा त्याच्या तोंडासमोर फिरायला लागला, आणि तो म्हणाला, "ताई, ती पेटी मला देशील?" चुलीपासून आई म्हणाली, "हातात तबक आहे गं सुलू." मी बरं म्हटलं. त्याने तो आरसा होळीच्या आतच फोडला. त्यानंतर बरीच वर्षं तो काहीतरी मागायचा, पेरू, माझी झोपायची जागा, एकदा तर माझ्या मैत्रिणीचं नाव. मोठा झाल्यावर त्याने मागणं सोडलं होतं. मीही विसरले होते. आणि त्या भाऊबीजेला, दिवा त्याच्या कपाळासमोर असताना, तो त्याच लाडिक आवाजात म्हणाला, "ताई, शेठने मुदत वाढवून दिली गं अक्षय तृतीयेपर्यंत. तुझी ना नाही ना?" मी बरं म्हटलं. त्याने तबकात ओवाळणी टाकली आणि हसला. तिथे तिसरं कुणी नव्हतं. मला आठवतं, तुपाचा एक थेंब माझ्या अंगठ्यावर पडला होता आणि मी तो पुसलाही नव्हता.

म्हणजे मी सुटणार की बुडणार, हे आता फक्त लवूच्या तोंडात होतं. वकिलांनी सांगितलं होतं की शेठ त्यालाच साक्षीला बोलावणार. मी काशीमीऱ्याला गेले. पेट्रोलचे भाव चढले होते, निम्मे टेम्पो उभे होते, आणि हा आपल्या टेम्पोखाली आडवा पडून काहीतरी आवळत होता. नुसते पाय दिसत होते. मी त्याच्या पायांशीच बोलायला लागले. "शेठ तुला काय म्हणाला?" तो सरकत बाहेर आला, हात कापडाला पुसले, आणि काही लपवायचं असतं हे ज्याला माहीतच नाही अशा तोंडाने म्हणाला, "शेठ म्हणतो, ताईला मुदतीचं सांगितलं होतं आणि ती बरं म्हणाली, एवढं कोर्टात बोल. मग तो टेम्पो माझ्याकडे ठेवतोय. वसुली तुझ्या पगारातून करणार." "आणि तू काय म्हणालास?" "म्हटलं, बघतो." "बघतो?" "खरंच आहे ना पण ते, ताई." आणि तो हसला. चेष्टेने नाही, वाईटपणाने नाही, लहान मूल गणित बरोबर आल्यावर हसतं तसा. मला त्या हसण्याचा इतका संताप आला की डोळ्यांपुढे सगळा नाका पिवळा झाला. जन्मात कधी खरं बोलला नाही हा माणूस. आईच्या दुखण्यात डॉक्टरांकडे जातो सांगून जत्रेला गेलेला, ह्यांच्याकडून घेतलेलं घड्याळ हरवलं सांगून विकलेला, आणि आता एकदाच खरं बोलायचं तर ते माझ्या घरादारावरून नांगर फिरवायला. मी त्याला जे बोलले ते गॅरेजातल्या माणसांनी ऐकलं. आईने तुला साय घातली त्यापेक्षा कुत्र्याला घातली असती तर दार तरी राखलं असतं, असं मी म्हणाले. माझ्या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवू नकोस, असंही. तो ऐकत होता. मग म्हणाला, "एसटीपर्यंत सोडू का?" मी चालत निघाले. हायवेच्या कडेने, धुरात, मिठागराकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात, आणि सगळ्या वाटेत त्याला मारून टाकण्याचे प्रकार मनात ठरवत गेले. नर्सला ते बरेच ठाऊक असतात.

मधले महिने मी त्या रागावर काढले. ते वाईट गेले नाहीत, हे सांगायला हवं. सकाळी उठले की राग शेजारी हजर असायचा. त्याच्या जोरावर मी हंडे भरले, वस्त्यांतून फिरून पोरांना देवी काढल्या, बाळंतपणं केली, ह्यांचे काळे कपडे धुतले. टोचून टोचून माझा दंड दुखायचा तो थांबला, बारीकसारीक दुखणी थांबली. एखाद्या बाईने रडगाणं लावलं की मी म्हणायचे, भाऊ आहे का तुला? नाही? मग रडतेस कशाला. बायका हसायच्या, त्यांना तो विनोद वाटायचा. कोर्टात काय बोलायचं ते मी घोकून ठेवलं होतं. लवू म्हणणार, सांगितलं होतं, ती बरं म्हणाली. मग मी पिंजऱ्यात उभी राहून त्याच्याकडे बोट करून म्हणणार, हा खोटं बोलतो, हा जन्मापासून खोटं बोलत आला आहे, वाटेल त्याला विचारा. आणि मजा म्हणजे ते सगळं खरं होतं, त्या एका गोष्टीखेरीज. त्या एका गोष्टीचं मला काही वाटतही नव्हतं. त्याने माझ्याकडून ते बरं काढून घेतलं होतं, बाळाच्या मुठीतून काढून घ्यावं तसं. अशा बरंला संमती म्हणायचं तर म्हणा.

कोर्टात पंखा होता, पण तो न्यायाधीशांच्या डोक्यावर. आम्ही घामाने निथळत होतो. शेठ पांढऱ्या कपड्यांत पुढच्या बाकावर. हे माझ्या शेजारी, खाडा करून आलेले, डोळ्यांत ती काळी रेघ. लवू साक्षीला उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट घातला होता, कुणाचा तरी मागून आणलेला, कारण खांदे उतरले होते. शपथ घेताना त्याने हात इतका उंच केला की शिपायाने तो खाली घ्यायला लावला. शेठच्या वकिलाने आरामात सुरुवात केली. कर्ज घेतलंत? घेतलं. थकलं? थकलं. मुदत वाढवून घेतलीत? घेतली. मी नखांनी पदराची किनार उसवत होते. "ह्या मुदतीबद्दल तुमच्या बहिणीला सांगितलंत ना?" लवूने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "नाही साहेब." वकील हसला, त्याला वाटलं लवूला ऐकू आलं नाही. "नीट ऐका. दिवाळीत तुम्ही नवा करार केलात. त्यानंतर भाऊबीजेला तुम्ही बहिणीकडे गेला होतात?" "दरवर्षी जातो." "मग तेव्हा हा विषय निघाला." "भाऊबीजेला कोण असले विषय काढतं साहेब?" लवू म्हणाला. मागे कुणीतरी हसलं, न्यायाधीशांच्याही मिशा हलल्या. तोच आवाज, तोच लाडिक, पेटी मागणारा आवाज, आणि तो सगळ्या कोर्टाला पटला. शेठ उठून उभा राहिला, त्याला खाली बसवलं. वकिलाने दरडावून विचारलं, उलटसुलट विचारलं, शेवटी न्यायाधीशांना म्हणाला, साक्षीदार फितूर झाला आहे. लवू शर्टाचे खांदे वर ओढत राहिला आणि दर प्रश्नाला म्हणाला, नाही सांगितलं. तिला काय माहीत नव्हतं. मीच लपवलं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ह्यांनी माझा हात दाबला, वकिलांनी तपकीर घेतली. माझ्या अंगाची मात्र आग होत होती. हा कोण मला सोडवणारा? त्याने मला अडकवावं, मी त्याला खोटं पाडावं, असं ठरलं होतं, आणि ह्याने ऐनवेळी माझं सगळं काढून घेतलं होतं. नंतर माझं नाव पुकारलं. मी पिंजऱ्यात गेले, शपथ घेतली, आणि आमच्या वकिलांनी विचारलं, "मुदतवाढीबद्दल तुम्हाला भावाने काही सांगितलं होतं का?" त्या क्षणी मला खरं बोलायची इतकी तीव्र इच्छा झाली की जीभ दातांमागे येऊन थांबली. सत्याचं मला प्रेम आलं नव्हतं. ह्याचे उपकार ह्याच्या तोंडावर फेकून मारायला दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून. सांगितलं होतं, मी बरं म्हणाले होते, घ्या. घ्या माझा पगार, द्या ती जागा दुसऱ्याला, आणि ह्याला खोट्या शपथेबद्दल आत टाका. सगळं एका वाक्यात झालं असतं. मी लवूकडे पाहिलं. तो बाकाच्या टोकाला बसला होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. हाताची नखं बघत होता, त्यांत ग्रीस होतं. त्याने विश्वासाने बघितलं असतं, विनवणीने बघितलं असतं, तर मी बोलले असते. तो बघतच नव्हता. "नाही," मी म्हटलं. एवढ्या वर्षांत त्याच्यासमोर मी म्हटलेलं ते पहिलं 'नाही', आणि तेही त्यानेच माझ्या तोंडात ठेवलेलं.

निकाल आमच्या बाजूने लागला. शेठचा हुकूमनामा एकट्या लवूवर झाला. टेम्पो शेठच्या माणसांनी ओढून नेला, झेंडूच्या माळेची सुतळी अजून काचेला होती म्हणतात. लवू एका कारखान्यात पत्रे उतरवायला लागला, ह्यांच्याच गल्लीत. त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर मी त्याच्यापुढे उभी राहिले होते, काहीतरी बोलायला, शिवी द्यायला म्हणा. मला वाटलं, आता हा मागेल. जागेत एक कोपरा, पगारातला वाटा, निदान जेवण. त्याने विचारलं, "तुम्ही एसटीने जाणार ना?" आणि तो दुसरीकडे चालायला लागला. पावसाळ्यानंतर आम्ही नव्या जागेत आलो. आत नळ आहे. सकाळी नळ सोडला की पहिल्यांदा हवा खाकरते, मग पाणी येतं, आणि पाणी आलं की मला लवू आठवतो. ही कसली शिक्षा? जागा माझी, पैसे माझे, कष्ट माझे, आणि नळाला तो. रात्री हे म्हणतात, आज लवू भेटला, हात कापलाय पत्र्याने. मी म्हणते, टोचून घ्यायला सांगा दवाखान्यात येऊन. तो येत नाही. त्याचा राग होता तोवर माझं बरं चाललं होतं. आता राग करायला बसले की कुठून सुरू करावं तेच सापडत नाही, आणि दंड पुन्हा दुखायला लागला आहे.

परवा भाऊबीज झाली. उंबऱ्यात पाय ठेवू नको म्हटलं होतं म्हणून तो आपणहून आला नसता, हे त्याला कारखान्यातून धरून घेऊन आले. त्याने नवी जागा फिरून पाहिली, नळ सोडून पाहिला, बंद केला. म्हणाला, "छान आहे गं." हे मुद्दाम बाहेर गेले, ह्यांना असल्या वेळी बाहेर जायचं बरोबर कळतं. मी पाट मांडला. तो बसला, डोक्यावर रुमाल टाकला, तोच की काय कोण जाणे, टायरवर अंथरलेला. केस कानांपाशी पांढरे झाले आहेत. डाव्या हाताला चिंधी बांधलेली, मळकी, गाठ चुकीची. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, तबक उचललं आणि ओवाळायला लागले. एकदा ओवाळलं, पुन्हा ओवाळलं. नेहमी इथे थांबतात. मी थांबले नाही. माग, मी मनात म्हणत होते. माग ना मेल्या काहीतरी. खोली माग, पगार माग, टेम्पो घेऊन दे म्हण, पुन्हा सही कर म्हण, मी बरं म्हणते की नाही बघ. हातात तबक आहे. दिव्याची ऊब माझ्या मनगटाला लागत होती, तूप कडेपर्यंत आलं होतं, आणि मी दिवा त्याच्या तोंडासमोरून हलूच देत नव्हते. त्याने एकदा वर पाहिलं, तसाच, गणित बरोबर आल्यासारखा. मग मुठीतली ओवाळणी तबकात ठेवली.

"ताई," तो म्हणाला, "हात भरून येईल तुझा. ठेव आता."